वाचता येतं, पण कळत नाही: सहावी ते आठवीच्या मुलांचं वाचन कसं सुधारावं

सातवीतला एक मुलगा माझ्यासमोर बसून इतिहासाच्या पुस्तकातलं पानभर वाचून दाखवत होता. आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. पान संपल्यावर मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता सांग बघू, काय झालं त्यात?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, परत वाचू का?" त्याला वाटलं, माझं वाचनच बाईंना आवडलं नाही.

त्याच वर्गात एक मुलगी होती. ती दर ओळीला अडखळायची, 'प्रतिकार'चं 'प्रकार' करायची, ओळ चुकायची. पण तोच धडा मी वाचून दाखवला की तिची उत्तरं वर्गात सगळ्यात चोख. या दोघांच्याही प्रगतिपुस्तकात शेरा एकच होता, 'वाचन कच्चे', आणि दोघांच्याही घरी निरोप एकच गेला होता, 'रोज वाचन करून घ्या'. दुखणी दोन आणि औषध एक. अशाने वर्ष निघून जातं, मूल बिचारं मान खाली घालून वाचत राहतं आणि हाती काही लागत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे, की आधी या मुलाचं वाचन नेमकं कुठे अडतंय ते शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या शोधावर अवलंबून आहेत. शिक्षकांना हे वर्गात करता येईल, पालकांना घरी.

याच वयात का अडतं

जीन चॉल या अभ्यासिकेने १९८३ मध्ये वाचनाच्या वाढीचे टप्पे मांडले. सुरुवातीची काही वर्षं मूल वाचायला शिकतं आणि साधारण चौथीपासून वाचून शिकायला लागतं, असा त्यांचा मुद्दा होता. सहावीत येईपर्यंत पुस्तक बदललेलं असतं. चित्रं कमी झालेली, वाक्यं लांबलेली. 'झाड', 'पाऊस', 'मित्र' या शब्दांची जागा 'प्रमाण', 'सार्वभौमत्व', 'विकेंद्रीकरण' यांनी घेतलेली. चित्र बघून, अंदाज बांधून इथवर आलेल्या मुलाचा आधारच निघून जातो. आणि नेमकं याच वेळी वाचन शिकवणं थांबतं, कारण ते खालच्या वर्गांचं काम समजलं जातं. विषयशिक्षक धडा तोंडी समजावतात, मुलं प्रश्नोत्तरं उतरवून घेतात. मूल स्वतः वाचत नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधं समीकरण मांडलं. लिपी उलगडण्याची (अक्षरं बघून शब्द वाचण्याची) क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचून समजणं. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. सातवीतल्या माझ्या त्या मुलाचा दुसरा आकडा लहान होता, मुलीचा पहिला.

पायरी पहिली: वीस मिनिटांची तपासणी

एका मुलाला साधारण वीस मिनिटं द्यावी लागतात. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर रोज दोन मुलं घ्या, महिन्याभरात सगळा वर्ग होतो. ज्यांच्याबद्दल काळजी वाटते त्यांना आधी घ्या.

त्याच इयत्तेच्या, पण अजून न शिकवलेल्या धड्यातले दीडेकशे शब्दांचे दोन उतारे निवडा. पहिल्या उताऱ्याची एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पुढे तो फार कामी येतो. बसायला वर्गाबाहेरची शांत जागा हवी. या वयाची मुलं सगळ्यांसमोर चुकण्यापेक्षा 'मला यायचंच नाही' असं दाखवणं पसंत करतात. मुलाला स्वच्छ सांगा, "याला मार्क नाहीत. मी शिकवताना काय बदलायचं ते मला शोधायचं आहे."

मूल मोठ्याने वाचत असताना तुमच्या प्रतीवर खुणा करा. चुकीचं वाचलं तर छापील शब्दावर त्याने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहा. गाळलेल्या शब्दाभोवती गोल करा. तीन सेकंद अडकलं तर शब्द सांगून टाका आणि तशी खूण करा. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली तर तिची खूण वेगळी ठेवा. ती चूक मोजू नका, कारण आपण वाचतोय ते जुळतंय का याकडे मुलाचं लक्ष आहे, हेच त्यातून दिसतं.

दर शंभर शब्दांमागे किती चुकले ते मोजा. एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये दिलेलं जुनं माप अंदाजासाठी अजूनही उपयोगी पडतं. ९९ किंवा अधिक बरोबर आले तर हा मजकूर मूल एकट्याने वाचू शकेल, ९५च्या आसपास असतील तर मदतीने वाचेल, आणि ९० किंवा त्याहून कमी असतील तर मजकूर त्याच्यासाठी फार अवघड आहे. मिनिटाला किती शब्द वाचावेत याचे इंग्रजीसाठी तयार केलेले तक्ते मराठीला लावू नका. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. 'शाळेपासूनच्या' या एका शब्दासाठी इंग्रजीत तीन-चार शब्द लागतील. मुलाच्या वेगाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वेगाशी करा.

मग उतारा झाकून विचारा, "काय होतं यात?" मूल बोलेल तेवढं बोलू द्या, मध्ये सूचक प्रश्न घालू नका. त्यानंतर चार प्रश्न विचारा. एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं असावं. एकात 'ती', 'त्यामुळे', 'हे' अशा शब्दांचा रोख कुणाकडे आहे ते ओळखायचं असावं. एकाचं उत्तर दोन वाक्यं जोडल्याशिवाय मिळू नये. एक प्रश्न शब्दाच्या अर्थाचा.

आता शेवटचा भाग. हा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. दुसरा उतारा तुम्ही मुलाला वाचून दाखवा आणि तसेच चार प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं येतात पण वाचून येत नाहीत, तर अडचण लिपीत किंवा ओघात, म्हणजे न अडखळता सलग वाचण्यात आहे. ऐकूनही येत नाहीत, तर शब्द, विषयाची माहिती किंवा अर्थ लावण्याची सवय कमी पडते आहे. दोन्हीकडे थोडं थोडं अडत असेल, तर कामही दोन्हीकडे करावं लागेल.

लिपीत अडणाऱ्यांसाठी

सातवीच्या मुलापुढे बाराखडीचं पुस्तक ठेवू नका. त्याला काय वाटेल याचा क्षणभर विचार करा. त्याच्याच विज्ञानाच्या, भूगोलाच्या पुस्तकातले शब्द घ्या आणि रोज दहा मिनिटं वेगळं बसा.

या वयात बाराखडी सहसा पक्की असते, घोडं अडतं जोडाक्षरांपाशी. त्यातही 'र'पाशी. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दुसऱ्या' या चार शब्दांत 'र' चार वेगळ्या रूपांत दिसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन निरोपांनी दोन वेगळी माणसं येतील. अशा जोड्या मुलांना आवडतात, कारण एका छोट्या खुणेने अर्थ कसा पालटतो ते त्यांना डोळ्यांनी दिसतं.

लांब शब्दासाठी कागदाची एक पट्टी पुरते. 'दुष्परिणाम' झाकायचा आणि तुकड्यातुकड्याने उघडायचा: दुष्, परि, णाम. मग सगळा एकत्र. अंदाजाने वाचणारं मूल पहिलं अक्षर बघून उडी मारतं, पट्टीने ती उडी थांबते. अधूनमधून 'निर्वस्तक', 'प्रद्युल' असे अर्थ नसलेले बनावट शब्दही द्या. यात पाठांतर आणि अंदाज दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे मूल खरोखर काय वाचतंय ते कळतं.

ओघ: एकच उतारा पुन्हा पुन्हा

जे मूल शब्द बरोबर वाचतं पण एकेक उचलून ठेवल्यासारखं वाचतं, त्याचं सगळं लक्ष अक्षरांत खर्च होतं, अर्थासाठी काही उरत नाही. एस. जे सॅम्युएल्स या संशोधकाने १९७९ मध्ये यावर पुनर्वाचनाची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे आणि तिला खर्च काहीच नाही.

शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्या. आधी तुम्ही वाचा, मूल डोळ्यांनी मागोवा घेईल. मग दोघं मिळून वाचा. मग मूल एकटं वाचेल. तोच उतारा दोन-तीन दिवसांत चारेक वेळा झाला पाहिजे. प्रत्येक वेळी चुका आणि वेळ मुलाच्या वहीत मुलानेच लिहायचा. चुकांचा आकडा नऊवरून तीनवर आलेला तो स्वतःच्या हाताने लिहितो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

उताऱ्यात पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून अर्थाचे गट पाडून घ्या:

मैदानात उतरल्यावर / वेग मंदावतो / आणि सोबत आणलेला गाळ / ती वाटेतच टाकू लागते.

कुठे थांबायचं हे कळणं म्हणजे अर्थाची सुरुवात आहे. घाईला मात्र शाबासकी देऊ नका. भरभर वाचणं हे ध्येय ठरलं की मुलं विरामचिन्हं गिळायला लागतात.

तेच पुन्हा वाचायला तेरा वर्षांच्या मुलाला काहीतरी कारण हवं. धाकट्या वर्गाला वाचून दाखवायचं आहे, बातमीपत्र सादर करायचं आहे, संवाद रेकॉर्ड करायचा आहे, असं निमित्त असलं की तो आपणहून दहादा वाचतो. वर्गात पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायची जुनी रीत मात्र मी सोडली. त्यात एका मुलाच्या वाट्याला तासाभरात पाच-सहा ओळी येतात. बाकीची मुलं आपली पाळी कुठल्या परिच्छेदाला येणार ते मोजत बसतात आणि कच्च्या वाचकाची सगळ्यांसमोर शोभा होते. त्यापेक्षा जोड्या करा. दहा मिनिटांत वर्गातलं प्रत्येक मूल पाच मिनिटं वाचून होतं.

शब्द: थोडे, पण पक्के

इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिला रोजच्या बोलण्यातला, तो येतोच. तिसरा एखाद्या विषयापुरता: 'प्रकाशसंश्लेषण', 'लसावि'. तो विषयशिक्षक शिकवतात. मधल्या थरातले शब्द सगळ्या पुस्तकांत भेटतात, पण घरच्या बोलण्यात नसतात: निष्कर्ष, गृहीत, परिणामी, मर्यादा, तुलनेने, अनिवार्य. ते कुणीच शिकवत नाही. आठवड्याला या थरातले पाच-सहा शब्द घ्या. त्याहून जास्त घेतले तर मागचे पाढे पंचावन्न.

शब्दकोशातला अर्थ वहीत उतरवून काही होत नाही. 'गृहीत' म्हणजे 'धरलेले' असं लिहिलं, पाठ झालं, विसरलं. त्याऐवजी मी असं करते. मूल जसं बोलेल तसा अर्थ सांगायचा: "खात्री करून न घेता एखादी गोष्ट खरी धरून चालणं." मग वाक्य: "तू येणारच असं मी गृहीत धरलं." मग मुलांना प्रश्न: "तुम्हाला कुणी कधी गृहीत धरलं आहे का?" एका मुलीने सांगितलं, "घरात पाहुणे आले की माझी खोली मी देणारच, असं सगळे गृहीत धरतात." त्या दिवसानंतर तो शब्द वर्गात कुणाला पुन्हा शिकवावा लागला नाही. नंतर गणितात 'समजा क्ष ही संख्या...' आलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "हे पण गृहीतच!"

शब्दाची फोड करायला शिकवलं की एका शब्दाबरोबर दहा शब्द हाती येतात. 'विकेंद्रीकरण' बघून घाबरलेल्या मुलाला 'केंद्र' ओळखीचा असतो. 'केंद्रीकरण' म्हणजे केंद्रापाशी आणणं, त्याला 'वि' लागला की केंद्रापासून दूर वाटून देणं. 'करण' हाताला लागला की 'शुद्धीकरण', 'वर्गीकरण', 'सुलभीकरण' उलगडतात. 'अ', 'अन', 'निर्', 'दुर्', 'सु', 'प्रति', 'उप', 'अति' हे उपसर्ग आणि 'ता', 'त्व', 'इक', 'ईय' हे प्रत्यय भिंतीवर लावून ठेवा आणि मुलांना त्यांच्या पुस्तकांतून उदाहरणं गोळा करून त्याखाली लिहू द्या. फसवी उदाहरणंही येतील. 'प्रतिकार'मधला 'प्रति' विरुद्ध जातो, 'प्रतिदिन'मधला 'दर' या अर्थाचा. अशा वेळी वाक्याकडे बघून ठरवायचं, हेही त्यातूनच शिकता येतं.

जोडणाऱ्या शब्दांकडे वेगळं लक्ष द्या. 'तरीही', 'परंतु', 'अन्यथा', 'याउलट', 'जेणेकरून' हे शब्द मुलं वाचतात आणि ओलांडून पुढे जातात. फळ्यावर लिहा: 'पाऊस पुरेसा झाला. त्यामुळे...' आणि खाली, 'पाऊस पुरेसा झाला. तरीही...'. दोन्ही वाक्यं पूर्ण करायला सांगा. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण त्यानंतर मुलं 'तरीही'पाशी थांबायला लागतात.

अर्थ लावणं: वाचकाच्या डोक्यात काय चालतं ते उघडं करा

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. चांगला वाचक वाचताना सतत काहीतरी करत असतो, पण ते बाहेरून दिसत नाही. न समजणाऱ्या मुलाला वाटतं, हुशार मुलांना आपोआप कळतं, मला कळत नाही. म्हणून आधी त्याला ते काम दाखवायचं.

हा छोटा उतारा घ्या:

'नदी डोंगरातून वाहत येते तेव्हा तिचा वेग जास्त असतो. उतार तीव्र असल्यामुळे ती काठाची माती आणि दगड खरवडून सोबत नेते. मैदानात उतरल्यावर वेग मंदावतो आणि सोबत आणलेला गाळ ती वाटेतच टाकू लागते.'

प्रश्न: मैदानात नदी गाळ का टाकते? वर्गातून हमखास येणारं उत्तर म्हणजे "कारण ती मैदानात उतरते." वाक्य उचललं, पण कारण हाती लागलं नाही. ते उताऱ्यात लिहिलेलंच नाही, वाचकाने भरायचं आहे.

अशा वेळी मी उतारा हातात घेऊन माझा विचार मोठ्याने बोलते: "'ती खरवडून नेते.' ती कोण? नदी. नेते म्हणजे ओढून नेण्याची ताकद आहे तिच्यात. पुढे, 'वेग मंदावतो आणि गाळ टाकू लागते.' थांबा. वेगाचा आणि गाळाचा काय संबंध? पुस्तकाने सांगितलं नाही. मी काय पाहिलं आहे? बादलीतल्या गढूळ पाण्यात हात फिरवत राहिलं तर माती वर तरंगत राहते. हात थांबला की तळाशी बसते. म्हणजे पाणी जोरात हलतंय तोवर ते माती उचलून धरतं. वेग कमी झाला की ताकद कमी, मग गाळ खाली. आता जमलं."

यात मी चार गोष्टी केल्या: सर्वनामाचा रोख शोधला, अडलं तिथे थांबले, माझ्या अनुभवातली माहिती आणली, दोन वाक्यं जोडली. मुलांना विचारा, "मी काय काय केलं?" ती बरोबर सांगतात. मग पुढचा परिच्छेद त्यांच्यातल्या एकाला मोठ्याने विचार करत वाचायला द्या.

याच कामाची एक बांधीव पद्धत अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्यांनी ती सातवीतल्या अशाच मुलांबरोबर करून पाहिली होती, ज्यांना शब्द वाचता यायचे पण आशय कळायचा नाही. चार-पाच मुलांचा गट परिच्छेदागणिक चार कामं करतो: अंदाज बांधणं, न कळलेलं स्पष्ट करून घेणं, प्रश्न विचारणं, सारांश सांगणं. दर परिच्छेदाला गटाचा म्होरक्या बदलतो, तोच त्या वेळचा शिक्षक. सुरुवातीचे दोन आठवडे म्होरकेपण तुम्हीच घ्या. मुलांना लगेच मोकळं सोडलं तर 'प्रश्न विचार' म्हटल्यावर 'नदी कुठून येते?' एवढ्यावरच गाडी थांबते. 'का', 'कशावरून', 'नसतं तर काय झालं असतं' अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठ्या हातात द्या. सारांशाला माझी अट पंधरा शब्दांची. शब्द मोजावे लागले की महत्त्वाचं काय हे ठरवावंच लागतं.

आणखी एक सवय मी प्रत्येक वर्गात लावते. वाचताना जिथे अर्थाचा धागा तुटला, त्या वाक्याशी पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह काढायचं. तासाच्या शेवटी प्रत्येकाकडे किमान एक तरी असलं पाहिजे. हुशार मुलांकडेही. पहिल्या आठवड्यात वह्या कोऱ्या येतात, कारण न कळणं म्हणजे कमीपणा असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून खुणा दिसायला लागतात. सुरुवातीला सांगितलेला तो मुलगा दोन महिन्यांनी वाचता वाचता पानाच्या मध्येच थांबला आणि म्हणाला, "बाई, इथे मला नाही कळलं." तोवर आपल्याला कळत नाहीये, हेच त्याला कळत नव्हतं.

अडलं तर काय करायचं, तेही सांगून ठेवा: मागचं वाक्य पुन्हा वाच, पुढचं एक वाक्य वाचून बघ, शब्दाची फोड कर, आकृती काढ, आणि तरीही नाही जमलं तर विचार.

माहिती नसेल तर कौशल्यही लंगडतं

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि ते मैदानाच्या एका प्रतिकृतीवर करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्च्या, पण खेळाची चांगली माहिती असलेल्या मुलांनी, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांना मागे टाकलं. 'आकलन' ही सुटी घोटून पक्की करायची गोष्ट नाही, हे यावरून ध्यानात येतं. दर आठवड्याला भलत्याच विषयावरचा अपठित उतारा सोडवत राहण्यापेक्षा तीन आठवडे एकच विषय धरा. ज्वालामुखी घेतला तर त्यावरचा पाठ, एक बातमी, एक गोष्ट, एक आकृती, एक मुलाखत. पहिल्या मजकुरात अडखळणारं मूल चौथ्या मजकुरात 'शिलारस' शब्दापाशी थांबत नाही. नवा धडा वाचायला घेण्याआधी पाच मिनिटं त्या विषयावर गप्पा मारा, एखादं चित्र दाखवा. त्याने निम्मी वाट सोपी होते.

स्वतःचं वाचन

रोज वीस मिनिटं मुलाने स्वतः निवडलेलं काहीतरी वाचावं. चित्रकथा, क्रिकेटपटूचं चरित्र, प्राण्यांची माहिती, भुताच्या गोष्टी, काहीही चालेल. त्याच्या वयाच्या मानाने सोपं असलं तरी हरकत नाही, कारण ओघ सोप्या मजकुरावरच येतो. आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडण्याची मुभा हवी. वाचून झाल्यावर परीक्षण लिहायला लावू नका, हा माझा आग्रह आहे. जेवताना सहज विचारा, "कुठवर आलं?" तेवढं पुरे.

मुलं मोठी झाली म्हणून त्यांना वाचून दाखवणं बंद करू नका. तेरा वर्षांचं मूलही तोंडाचा आ करून ऐकत बसतं, आणि त्याला स्वतःला झेपणार नाही अशी भाषा त्याच्या कानावर पडते.

पडद्यावरच्या वाचनाबद्दल पालक नेहमी विचारतात. पाब्लो डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा थोडं अधिक समजतं, असं त्यात दिसलं. वेळेची मर्यादा असेल तर फरक जास्त. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. तेव्हा अभ्यासाचं शक्यतो कागदावर, गोष्टी मोबाइलवर वाचल्या तरी चालतील.

आठवडा कसा बसवायचा

सगळं एकदम सुरू करू नका. मराठीच्या तासांतला एक तास गटवाचनाला द्या, एकात शब्द आणि मोठ्याने विचार करून दाखवणं. रोज पहिली दहा मिनिटं जोडीने पुनर्वाचन, आणि त्याच वेळेत लिपीत अडणाऱ्या तीन-चार मुलांना तुम्ही वेगळं घ्या. विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांना एकच विनंती करा: धडा समजावण्याआधी एक परिच्छेद मुलांना स्वतः वाचू द्या आणि प्रश्नचिन्हं काढू द्या. घरी पुनर्वाचनाची दहा मिनिटं आणि स्वतःच्या वाचनाची वीस, एवढंच.

आठ आठवड्यांनी तेवढ्याच अवघड नव्या उताऱ्यावर तीच तपासणी पुन्हा करा. जुनं रेकॉर्डिंग आणि नवं रेकॉर्डिंग मुलाला लागोपाठ ऐकवा. फरक पडला नसेल तर तपासणीत कुठे चूक झाली का बघा. बहुतेकदा ओघावर काम चाललेलं असतं आणि गाठ शब्दांत असते, किंवा याच्या उलट.

काही मुलांच्या बाबतीत नियमित, योग्य मदत देऊनही वाचन हलत नाही. शब्द पुन्हा पुन्हा चुकतात, शुद्धलेखनाची तीच गत, वाचून लगेच थकवा येतो, आणि तोंडी मात्र मूल तरतरीत असतं. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचनात येणारी अडचण) आहे का, यासाठी तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घ्यायला उशीर लावू नका. सहावी-सातवीत कळलं तरी उपयोग होतो. मूल्यमापन होईपर्यंत, आणि नंतरही, त्या मुलाला विज्ञान, इतिहास, गोष्टी वाचून दाखवत राहा किंवा ध्वनिपुस्तकं द्या. लिपीवरचं काम सावकाश चालेल, पण तोवर त्याच्या वयाच्या बाकीच्या मुलांना जे माहीत होतंय ते त्यालाही माहीत होत राहिलं पाहिजे.